७२ तासांनंतरही ‘सांगता येत नाही’ का म्हणतात?

मोठ्या स्ट्रोकनंतर, म्हणजे पक्षाघातानंतर, आयसीयूच्या दाराशी मिळणारी माहिती बहुधा दोन वाक्यांत संपते. ‘पुढचे ७२ तास क्रिटिकल आहेत’ आणि ‘आत्ताच काही सांगता येणार नाही.’ घरचे पहिल्या वाक्याला धरून बसतात. तीन दिवस गेले की निकाल लागेल, इकडे किंवा तिकडे. तीन दिवस जातात आणि डॉक्टर पुन्हा तेच म्हणतात. मग बाहेरच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू होते. लपवताहेत, बिल वाढवताहेत, की त्यांनाच कळत नाहीये?

काही वर्षांपूर्वी ठाण्यात आमच्या अण्णांना मोठा स्ट्रोक आला तेव्हा त्या खुर्च्यांवर मीही बसले आहे. मला उशिरा उमगलेली गोष्ट अशी की ‘सांगता येत नाही’ हे एकच उत्तर दर आठवड्याला वेगळ्या प्रश्नाचं असतं. आधी प्रश्न जगण्याचा असतो, मग शुद्धीचा आणि गिळण्याचा, मग हातापायांचा आणि वाचेचा. तिसऱ्या दिवशी ‘चालतील का?’ विचारलं तर प्रामाणिक डॉक्टर गप्पच बसणार. पण त्या दिवशी उत्तर मिळू शकेल असेही काही प्रश्न असतात, आणि ते विचारायचे राहून जातात.

ते ७२ तास सुजेचे

ज्याला घरात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, तो पक्षाघात मुख्यतः दोन प्रकारांनी होतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटून रक्तस्राव होतो. जगभरात पहिला प्रकार बराच जास्त. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून तार घालून बाहेर काढता येते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. घोडबंदर रोडवर कासारवडवली ते माजिवडा हे अंतर संध्याकाळी सातला कापलेल्या माणसाला या तासांची किंमत वेगळी सांगायला नको. पण ती वेळ टळून गेल्यावर काय, हा इथला विषय आहे.

मेंदूचा मोठा भाग रक्ताविना मेला की तो सुजतो. कवटी हाडाची, तिला फुगायला जागा नाही. सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वाधिक असते आणि ती शेजारच्या निरोगी भागाला, कधी श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठालाही दाबते. म्हणून पहिल्या दिवशी डोळे उघडून हात दाबणारा माणूस तिसऱ्या दिवशी गुंगीत जातो. घरच्यांना वाटतं, काल बरे होते, आज हॉस्पिटलने काहीतरी बिघडवलं. बहुतेक वेळा ती सूजच असते. रक्तस्रावात पहिल्या दिवशी रक्ताचा गोळा वाढायची भीती असते, आणि भोवतालची सूज त्यानंतर बरेच दिवस राहू शकते. म्हणजे ७२ तास हा बरं होण्याचा मुहूर्त नाही, तो धोक्याचा पट्टा ओलांडण्याचा काळ आहे. या दिवसांत विचारण्याजोगा प्रश्न: कालच्या सीटी स्कॅनच्या तुलनेत आज सूज वाढली आहे का, आणि वाढली तर तुम्ही काय करणार?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी ऑपरेशन हे असतं. कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा करून देतात. तो तुकडा जपून ठेवतात, कधी रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवतात. निर्णय तासाभरात हवा असतो, तोही अशा मुलांकडून ज्यांनी दोन रात्री झोप घेतलेली नाही. साठीच्या आतल्या रुग्णांत हे ऑपरेशन पहिल्या ४८ तासांत केलं तर जीव वाचण्याचं प्रमाण खूप वाढतं, आणि वाचलेल्यांतले बरेच जण पुढे काठी किंवा हाताच्या आधाराने चालतात. साठीनंतरचं चित्र वेगळं आहे. २०१४ साली जर्मनीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ६१ वर्षांवरच्या ११२ रुग्णांचा. ऑपरेशन न केलेल्यांत सहा महिन्यांत ७० टक्के दगावले, केलेल्यांत ३३ टक्के. फरक मोठा आहे. पण वाचलेल्यांत पूर्ण स्वावलंबी झालेला एकही नव्हता. बहुतेकांना अंघोळीपासून जेवणापर्यंत दुसऱ्याचा हात लागत होता. हे आकडे कुणाच्या वतीने निर्णय घेत नाहीत. पण ‘ऑपरेशन केलं तर वाचतील’ या वाक्यातला ‘वाचतील’ म्हणजे नेमकं काय, हे सही करण्याआधी विचारायचा हक्क तुमचा आहे.

अंदाज का चुकतो

वादळात सोसायटीची वीज गेली की काही घरांची वायरिंग खरंच जळालेली असते आणि काही घरांत नुसता एमसीबीचा खटका पडलेला असतो. अंधार दोन्हीकडे सारखाच दिसतो. स्ट्रोकनंतरच्या मेंदूचं असंच आहे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण त्यांच्या कडेला अर्धपोटी राहिलेला भाग असतो, सुजेने दबलेला भाग असतो, आणि मेलेल्या भागाशी जोडलेले दूरचे भाग निव्वळ धक्क्याने गप्प झालेले असतात. त्यांतलं काही परत चालू होतं. किती, ते बाहेरून दिसत नाही.

त्यात भर ताप, छातीतला संसर्ग, कमी झालेलं सोडियम, वरून न दिसणारी फिट आणि झोपेच्या औषधांची. यातली कुठलीही एक गोष्ट माणसाला गुंगीत ठेवायला पुरेशी आहे. म्हणून ‘शुद्धीवर का येत नाहीत?’ याऐवजी ‘गुंगीचं दुसरं कुठलं कारण आहे का, आणि ते तपासलंय का?’ असं विचारावं. याचं उत्तर बहुधा त्याच दिवशी मिळतं.

डॉक्टरांच्या निराशेलाही एक धोका असतो. रक्तस्रावाच्या स्ट्रोकमध्ये हे बरंच अभ्यासलं गेलंय. पहिल्याच रात्री ‘काही उपयोग नाही’ असं ठरवून उपचार आखडते घेतले की रुग्ण जातो, आणि मग अंदाज बरोबर होता असं वाटतं. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की रुग्णाने आधीच काही लिहून ठेवलेलं नसेल, तर असे नवे निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत थांबवावेत. घाईची आशा आणि घाईची निराशा, दोन्ही सारख्याच अवेळी.

तरीही काही खुणा लवकर बोलतात. हाताच्या बाबतीत नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दुसऱ्या दिवसापासूनच्या तपासण्यांवरून अंदाज बांधला होता. लुळ्या बाजूची बोटं थोडी तरी सरळ करता येतात का, आणि खांदा बाजूला उचलता येतो का? दोन्ही जमणाऱ्या जवळपास सगळ्यांच्या, ९८ टक्के लोकांच्या, हातात सहा महिन्यांनी थोडंफार कौशल्य परत आलं होतं. दोन्ही न जमणाऱ्यांत २५ टक्के. पायासाठी अशीच खूण म्हणजे आधाराशिवाय बसता येणं. फिजिओथेरपिस्टला या खुणांबद्दल थेट विचारा. त्यांना आवडतं, कारण सहसा कुणी विचारत नाही. बाकी एनआयएच स्ट्रोक स्केलचा आकडा, ० ते ४२, फाइलवर असतो. जास्त म्हणजे जास्त नुकसान. पण तो पाहून रात्रभर गूगल करण्यात अर्थ नाही.

घशाखाली काय उतरतं

भेटायला येणारी मंडळी पर्समध्ये तीर्थ आणतात, अंगारा आणतात. ‘चमचाभरच, ओठाला लावते.’ नर्सची पाठ वळली की चमचा तोंडात जातो. इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही: जाऊ देऊ नका. मोठ्या स्ट्रोकनंतर गिळण्याचे स्नायू गडबडलेले असतात, ठसकाही लागत नाही, आणि पाणी निमूटपणे श्वासनळीत उतरतं. त्यातून होणारा न्युमोनिया हे पहिल्या काही आठवड्यांत रुग्ण दगावण्याचं एक मोठं कारण आहे. तीर्थ कपाळाला लावा, देव समजून घेईल.

नाकातून पोटात अन्न पोचवणारी राईल्स ट्यूब पाहून घरातल्या बाईमाणसाला रडू फुटतं, ‘आता हे असंच नळीवर?’ नळी म्हणजे कायमचा निकाल नव्हे. गिळण्याची तपासणी पुन्हा पुन्हा करतात आणि पुष्कळांची नळी काही आठवड्यांत निघते. लांबणार असेल तर पोटातून नळी बसवतात, ती नाकातल्यापेक्षा सुसह्य असते. फीड देताना पाठ उंच ठेवायची आणि नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. सुरुवात पाण्याने न करता दाट पदार्थाने का करतात, याचं नवल वाटतं. पातळ द्रव भरकन घसरतो, दाट पेजेवर घशाचा ताबा राहतो.

याच दिवसांत आणखी काही गोष्टी हळूच पोखरतात. पायात रक्ताची गुठळी, लघवीच्या नळीचा संसर्ग, पाठीवर आणि टाचेवर जखम. दर दोन तासांनी कूस बदलणं आणि एअर बेड यांना पर्याय नाही. लुळा हात धरून कधी ओढू नका, त्याचा खांदा सहज निखळतो आणि पुढे वर्षभर दुखत राहतो.

तोंडात आरती, पण पाणी मागता येत नाही

बहुतेकांच्या मेंदूत भाषा डाव्या बाजूला असते. तिथे स्ट्रोक झाला की उजवं अंग जातं आणि वाचाही. याला वाचाघात म्हणतात. बुद्धी गेलेली नसते, शब्दांचा रस्ता बंद झालेला असतो. अण्णांना पाणी मागता येत नव्हतं, पण आरती सुरू झाली की ते अख्खी म्हणत. पाढे म्हणत. एक कचकचीत शिवी तर इतकी स्वच्छ आली की नर्स हसायला लागली. पाठ झालेल्या, आपोआप येणाऱ्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेने येतात, त्यामुळे असं होतं. त्यावरून ‘बोलता येतंय, मुद्दाम बोलत नाहीत’ असं अनुमान काढणारे नातेवाईक प्रत्येक घरात निघतात. दुसरे असतात ते कानाशी ओरडणारे. ऐकू येत असतं हो. एका वेळी एक छोटं वाक्य, हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न, आणि उत्तरासाठी आपल्याला असह्य वाटेल इतका वेळ. आणि ‘हो’ म्हणताना मान नाहीची हलत असेल, तर वस्तू दाखवून खात्री करायची.

उजव्या मेंदूचा स्ट्रोक वरवर सौम्य वाटतो, कारण बोलणं शाबूत असतं. फसवा तो असतो. डावी बाजू जगातूनच पुसली जाते. ताटात उजवीकडची भाजी संपते, डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी, आणि ‘वाढलंच नाहीस’ म्हणून तक्रार. काहींना आपला हात लुळा आहे हेच पटत नाही, उठायला जातात आणि पडतात. हा हट्ट नसतो. ताट फिरवून द्या, आणि डाव्या बाजूने बोलायला, बसायला लागा, म्हणजे तिकडे वळायची सवय लागते. सुरुवातीला पलंगाशी माणूस मात्र हवा.

स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला कधी ना कधी नैराश्य येतं, आणि त्यावर औषध आहे. कारण नसताना एकदम हसू किंवा रडू फुटणं हा वेगळा प्रकार आहे, त्यावरही आहे. ‘साहजिकच आहे’ म्हणून सोडून देऊ नका, कारण खचलेला माणूस व्यायामच करत नाही.

थांबायचं कधी, हे कोण ठरवणार

व्हेंटिलेटरवर दहा-पंधरा दिवस झाले की गळ्यातून नळी घालायची का, असं विचारलं जातं. त्याच सुमारास कुणीतरी चुलतभाऊ कोपऱ्यात नेऊन म्हणतो, ‘हाल कशाला?’ आणि दुसरा म्हणतो, ‘आपण कसं सोडायचं?’ या भांडणातून निघायचा मला ठाऊक असलेला सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे मुदतीचा प्रयत्न. डॉक्टरांशी बसून ठरवायचं: दोन आठवडे सगळं करू. त्यात अमुक बदल दिसला, म्हणजे सांगितलेलं ऐकून बोट हलवलं, व्हेंटिलेटरशिवाय काही तास श्वास घेतला, तर पुढे जाऊ. नाहीच दिसला तर पुन्हा बसू. मुदत ठरली की भावंडांमधली धुसफूस निम्मी होते.

कायदा याच्या आड येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार थांबवायला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. घरच्यांची संमती, डॉक्टरांची दोन मंडळं आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं, अशी तिची वाट आहे. रुग्णाने आधी उपचारांबाबतचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही केली असेल, तर त्याला वजन असतं. उपचार थांबले तरी वेदना, धाप आणि अस्वस्थता यांवरची औषधं थांबत नाहीत. भावंडांनी ‘आपल्याला काय हवंय’ यावर मत मांडू नये. ‘अण्णा आत्ता बोलू शकले असते तर काय म्हणाले असते’ यावर मांडावं. उत्तरं आश्चर्यकारकरीत्या जवळ येतात.

घरी आल्यावर

डिस्चार्ज अचानक मिळतो. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माणूस न्यायचा कसा, हा प्रश्न त्या संध्याकाळी सुचतो. लिफ्ट असली तरी तिच्यात स्ट्रेचर मावतो का, हे आधी मोजून या. ब्यूरोतून बारा तासांची मावशी मिळते, पण उचलणं, कूस बदलणं, नळीतून फीड देणं हे घरातल्या दोघांनी तरी वॉर्डमध्येच शिकून घ्यावं. मावशी सुट्टी घेणार, ती नेमकी गणपतीतच. आणि हे ‘घरातले दोघे’ म्हणजे आपोआप सून आणि मुलगी, असं होत असेल तर ते जेवायच्या टेबलावर स्पष्ट बोलावं. अमेरिकेतल्या भावाने रोज फोन करण्यापेक्षा रात्रपाळीच्या माणसाचे पैसे भरावेत.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, सहा महिन्यांपर्यंत बरी चालते, मग मंदावते. मंदावते, थांबत नाही. विशेषतः बोलणं वर्ष-दोन वर्षांनंतरही सुधारताना दिसतं. फिजिओ लवकर सुरू व्हावी, पण पहिल्या २४ तासांत दणकून नव्हे. २०१५ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अतिलवकर आणि जोरात उठवलेल्या रुग्णांचा निकाल उलट वाईट आला. दुसरा एक अभ्यास आपल्याच देशातला, २०१७ चा. १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांच्या घरच्यांपैकी निम्म्यांना घरी व्यायाम करून घ्यायचं रीतसर शिक्षण दिलं. सहा महिन्यांनी परावलंबी राहिलेल्या किंवा दगावलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. घरचे व्यायाम करून घेणं बंद करा, असा याचा अर्थ नाही. ‘मी अजून केलं असतं तर ते चालले असते’ या विचाराला मात्र त्यात आधार सापडत नाही. मला तो अभ्यास वाचून रडू आलं होतं, सुटल्यासारखं.

तज्ज्ञांची मदत शोधताना हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि वाचेसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, या दोन्ही केंद्र सरकारच्या आहेत हे लक्षात ठेवा. तेलाने मालिश करायला हरकत नाही, माणसाला बरं वाटतं, मेंदू मात्र त्याने जुळत नाही. बधिर अंगावर गरम शेक नको, भाजलेलं कळत नाही. कबुतराच्या रक्ताच्या मालिशचा सल्ला तुम्हालाही मिळेलच, ऐकून घ्या आणि सोडून द्या. स्टेम सेलच्या नावाखाली लाखांचं पॅकेज मागणाऱ्यांना मात्र सरळ नाही म्हणा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्ट्रोकसाठी ते संशोधनाबाहेर देताच येत नाही.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळतं. रुग्णालय योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी विचारावं, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

सह्यांचा घोळ सगळ्यांत शेवटी लक्षात येतो. समजा, पेन्शन बाबांच्या एकट्याच्या खात्यात, आणि उजवा हात गेलेला. बाबांना समजत असेल पण सही जमत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अंगठा चालतो. हाताचा नसेल तर पायाचाही. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, आणि बँकेने त्यासाठी घरी माणूस पाठवणं अपेक्षित आहे. शाखेत ‘असं काही नसतं’ म्हणाले तर लेखी अर्ज द्या. समजतच नसेल तर अंगठा उपयोगाचा नाही, आणि आधी केलेलं मुखत्यारपत्रही सहसा तिथेच संपतं. मग मुंबई उच्च न्यायालयात पालक म्हणून नेमणुकीसाठी अर्ज करावा लागतो. न्यायालय वैद्यकीय अहवाल मागवतं, भावंडांचं म्हणणं ऐकतं. त्यामुळे वकिलाकडे जातानाच सगळ्या भावंडांची ना-हरकत लिहून न्यावी, त्यात अमेरिकेतल्याचीही.